एका पत्रासाठी सात आठवडे : दहावीच्या सवलतींचा माझा अनुभव

डिसेंबर २०१८ मध्ये माझ्या मुलाला १४ वर्षं पूर्ण झाली आणि त्याच्या अध्ययन अक्षमतेच्या (वाचन, लेखन किंवा गणितात येणाऱ्या अडचणीच्या) प्रमाणपत्राची मुदत संपली. दहावीच्या परीक्षेतल्या सवलती याच प्रमाणपत्रावर मिळणार होत्या. तेव्हा तो नववीत होता. केंद्र सरकारच्या जानेवारी २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तेव्हा आठव्या वर्षानंतर मिळालेलं प्रमाणपत्र १४ व्या वर्षी नव्याने घ्यावं लागत होतं, पुन्हा १८ व्या वर्षी, आणि ते मग कायमचं. आमचं दहाव्या वर्षीचं होतं. शाळेतल्या समुपदेशक बाईंनी सहज तारीख पाहिली म्हणून कळलं, नाहीतर दहावीचा फॉर्म भरतानाच कळलं असतं. तुमच्याकडे जुनं प्रमाणपत्र असेल तर आजच काढून त्यावरची तारीख बघा.

सरकारी रुग्णालयातल्या तपासण्यांबद्दल माझी तक्रार नाही. कान, डोळे, बुद्ध्यांक, मग वाचन, लेखन आणि गणिताच्या चाचण्या. चार खेपा झाल्या, पण माणसं नीट बोलली.

अडलं ते त्याआधीच. रुग्णालयाच्या कागदांच्या यादीत पहिलंच होतं शाळेचं पत्र: मुलाला नेमकी कशात अडचण येते, वर्गशिक्षकांचं निरीक्षण काय, खाली मुख्याध्यापकांची सही आणि शिक्का. मी शाळेच्या ऑफिसात गेले. क्लार्क म्हणाले, "आधी प्रमाणपत्र आणा, मग पत्र देऊ." मी म्हटलं, सर, प्रमाणपत्रासाठीच तर पत्र हवंय. ते म्हणाले, "तुमच्याकडे आहे ना एक?" मी मुदत दाखवली. "मग मुदत वाढवून आणा." हे संभाषण आमच्यात तीन वेळा झालं, तीन वेगवेगळ्या दिवशी, आणि दर वेळी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेले होते.

चौथ्या वेळी ते रजेवर होते. पाचव्या वेळी मुख्याध्यापिका बाई मीटिंगला गेल्या होत्या. वर्गशिक्षिका मनापासून मदत करायला तयार होत्या, पण "ऑफिसातून सांगितल्याशिवाय मी लेखी देऊ शकत नाही," म्हणाल्या. त्यांचाही नाइलाज होता, तरी त्या दिवशी जिन्यात उभी राहून मी रडले. वर वर्गात माझा मुलगा फळ्यावरचं उतरवून घेत होता आणि ते पुरं व्हायच्या आत फळा पुसला जाणार, हे मला ठाऊक होतं.

शेवटी समुपदेशक बाईंनीच सांगितलं, "तोंडी मागू नका. लेखी अर्ज द्या, दोन प्रतींत, आणि आपल्या प्रतीवर पोच घ्या." मी तसंच केलं. अर्जात लिहिलं की २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ दिव्यांगत्वांमध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे आणि पत्र न मिळाल्याने तपासणी अडली आहे. आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का माझ्या प्रतीवर पडला, आणि सहा दिवसांत पत्र हातात आलं. जे पाच खेपांत झालं नाही ते एका शिक्क्याने झालं. याचा मला अजून राग येतो, कारण अर्जाची ही वाट पहिल्याच दिवशी कुणीही सांगू शकलं असतं.

तेही पत्र रुग्णालयाने परत पाठवलं. त्यावर जावक क्रमांक नव्हता. आणखी एक आठवडा. तेव्हा पत्र घेताना ऑफिसातच उभं राहून तपासा: लेटरहेड, जावक क्रमांक, तारीख, सही, गोल शिक्का, आणि मुलाचं नाव जनरल रजिस्टरप्रमाणे, म्हणजे शाळेच्या प्रवेशाच्या नोंदवहीत आहे तसंच.

वह्यांचं सांगायचं राहिलं. रुग्णालयातल्या तपासणीला मी निवडून चांगल्या वह्या नेल्या होत्या. तिथल्या मॅडमनी त्या बाजूला ठेवल्या आणि वर्गातली मराठीची वही मागितली. एका पानावर 'पाऊस' हा शब्द त्याने तीन वेळा लिहिला होता आणि तिन्ही वेळा वेगळा. समासात लाल शाईने 'अपूर्ण'. मॅडम म्हणाल्या, "हेच पान मला हवं होतं." वर्गातलीच वही न्या, चुकांसकट.

जूनमध्ये प्रमाणपत्र आलं. पुढे शाळेने दहावीची परीक्षा घेणाऱ्या विभागीय मंडळाकडे सवलतींचा प्रस्ताव पाठवला, त्यात काही अडलं नाही. शुद्धलेखनाच्या चुकांचे गुण कापले जाणार नव्हते आणि दर तासाला २० मिनिटं जादा मिळणार होती. मुलगा सांगेल ते लिहिणारा लेखनिकही घेता आला असता. तो खालच्या इयत्तेतला लागतो आणि आधीपासून शोधावा लागतो. पण मुलगा म्हणाला, मीच लिहीन.

मार्च २०२० मध्ये मराठीचा पहिला पेपर. दोन वाजता घंटा झाली, मुलं बाहेर आली, पालक त्यांना घेऊन गेले. मी फाटकाशी थांबले. तीन वाजून गेल्यावर तो आला. बोटांवर शाई होती आणि पाण्याची बाटली तशीच भरलेली.

"आई, निबंधापर्यंत पोचलो," तो म्हणाला. शाळेच्या एकाही परीक्षेत तो तिथवर पोचला नव्हता.