पॉइंट एकचा फरक

मे महिन्यातल्या एका रणरणत्या दुपारी भवानी पेठेतल्या माझ्या सायकल दुकानात अकरावीतला एक मुलगा आपली बीएमएक्स, म्हणजे उड्या-कसरतींची छोटी सायकल, ढकलत आला. खांद्यावर पोते होते आणि त्यात फ्रेम तडकलेल्या चुलतभावाच्या बीएमएक्सचा माल होता: तीन तुकड्यांचा क्रँक (पेडलांचे दांडे आणि त्यांचा आस), त्याची बेअरिंगे, पुढचे 25 दातांचे चेनव्हील आणि 9 दातांचे चक्र असलेले मागचे चाक. "काका, हे सगळं माझ्या सायकलीला बसवून द्या," एवढेच तो म्हणाला.

महिन्यापूर्वीच नवी चेन घालूनही त्याची चेन दात सोडत होती, कारण 44 दातांचे जुने चेनव्हील आणि मागचे 16 दातांचे फ्रीव्हील इतके झिजले होते की त्यांच्यावर नवी चेन बसणे शक्यच नव्हते. उड्या मारून एकसंध क्रँकही वाकला होता. लहान चेनव्हीलने वेग वाढतो असे पोरांना वाटते. प्रत्यक्षात पेडलच्या एका फेरीत मागचे चाक आधी 44 भागिले 16 म्हणजे 2.75 वेळा फिरायचे, आता 25 भागिले 9 म्हणजे 2.78 वेळा, पायाला काय कळणार? वजन घटते आणि उड्या मारताना चेनव्हील कठड्यावर आपटत नाही, हा खरा फायदा.

जुन्या क्रँकच्या डाव्या नटाला उलटे आटे असतात. घरी कोणीतरी तो सरळ आट्यांचा समजून फिरवला होता आणि त्याचे कोपरे गोल केले होते, त्यामुळे तो छिन्नीने सोडवावा लागला. फ्रेमच्या मागच्या खाचा 10 मिलिमीटरच्या आणि नव्या चाकाचा एक्सल 14 चा, म्हणून तासभर कानस चालवली.

खरी अडचण बीबीच्या नळीत, म्हणजे फ्रेममध्ये क्रँक जिच्यात फिरतो त्या नळीत होती. तिचे भोक 51.3 मिलिमीटरचे आणि पोत्यातली बेअरिंगे 41 ची. मध्ये बसणाऱ्या, आतून कड असलेल्या दोन रिंगा करून घेण्यासाठी मी अशोक चौकाजवळच्या एका लेथवाल्या अण्णांकडे गेलो, ज्यांचे उभे आयुष्य यंत्रमागांचे बुश, म्हणजे भोकात दाबून बसवायच्या रिंगा, कातण्यात गेले आहे. मी माप लिहून दिले: बाहेरून 51.4, म्हणजे ठोकून घट्ट बसेल, आणि आतून नेमके 41. अण्णांनी कागद पाहून विचारले, "दाबल्यावर आतलं भोक किती राहणार?" मला घाई होती. मी म्हटले, आहे तसेच करा.

टेबलावर बेअरिंग रिंगेत अंगठ्याने सरकले. दुकानात येऊन लांब बोल्ट आणि दोन जाड वायसर लावून रिंगा नळीत ओढल्या, त्याही उत्तम बसल्या. पण आता बेअरिंग आत जाईना. बाहेरून आवळलेली रिंग आतूनही आकसते, ही गोष्ट लूमचा बुश करणाऱ्याला रोजची. मला मात्र ती बेअरिंग हातात धरून कळली. हातोडी मारली असती तर ते गेलेही असते, पण छर्र्यांना खड्डे पडून पहिल्याच फेरीपासून करकरले असते.

संध्याकाळी रिंगा ठोकून बाहेर काढल्या आणि अख्खी सायकलच अण्णांकडे नेली. त्यांनी नळीचे माप स्वतः घेतले, नव्या रिंगांचे भोक पॉइंट एक मिलिमीटरने मोठे ठेवले आणि त्या तिथेच दाबून बसवल्या. बेअरिंग हाताच्या दाबाने गेले. क्रँक चढवून पेडल सोडले, तर ते आवाज न करता फिरत राहिले.

अण्णांनी पैसे दोनच रिंगांचे घेतले. पहिल्या दोन मात्र त्यांनी परत दिल्या नाहीत. लूमला लागतील म्हणाले.