जुम्ल्याला निवडणूक निरीक्षणासाठी जाणार असाल, तर आधी वाहनाचा पास मिळवा

नेपाळमध्ये २० नोव्हेंबर २०२२ रोजी झालेल्या प्रतिनिधी सभेच्या (संसदेचे कनिष्ठ सभागृह) आणि प्रदेश सभांच्या (प्रांतांच्या विधानसभा) निवडणुकीसाठी मी साताऱ्याहून तिथल्या जुम्ला या डोंगराळ जिल्ह्यात आंतरराष्ट्रीय निरीक्षक म्हणून गेलो होतो. ज्या संस्थेमार्फत गेलो, तिने ‘ओळखपत्र पुरेसे आहे’ असे सांगितले होते आणि ही माहिती साफ चुकीची निघाली. मतदानाच्या दिवशी तिकडे वाहनबंदी असते. गळ्यात ओळखपत्र असले, तरी पासाशिवाय जीप नाक्यापुढे जात नाही. आपल्याकडे मतदानाच्या दिवशीही एसटी धावते, त्यामुळे ही अडचण कोणाच्या लक्षातच येत नाही. मला पास मिळाला तो आदल्या रात्री, जिल्हा निवडणूक कार्यालयात ताटकळल्यावर.

काठमांडूतील प्रशिक्षण सुरळीत झाले. खरी परीक्षा सुर्खेत ते जुम्ला या सुमारे २३२ किलोमीटरच्या कर्णाली महामार्गाची आहे. आंबेनळी घाटात वर्षानुवर्षे गाडी चालवलेल्यांनीही वाटेतल्या कालिकोट जिल्ह्यातील टप्पा हलक्यात घेऊ नये. रस्ता एका गाडीपुरता, कडा सुटलेला आणि खाली थेट नदी. रात्री या रस्त्याने अजिबात जाऊ नये.

जीपवाल्याने सुर्खेतमध्ये नेपाळी रुपयांत ठरवलेले भाडे जुम्ल्याचे मुख्यालय असलेल्या खलंग्यात उतरताना त्याच आकड्याने भारतीय रुपयांत मागितले. १०० भारतीय रुपयांचे १६० नेपाळी रुपये होतात, हे लक्षात घेतले म्हणजे ही लूट केवढी, ते कळेल. भाडे चलनासह कागदावर लिहून घ्यावे. त्या वेळी शंभराहून मोठ्या भारतीय नोटाही तेथे चालत नव्हत्या.

मतदान सकाळी ७ ते सायंकाळी ५ असते. परंतु रिकामी पेटी दाखवून सील करताना पाहायची असेल, तर साडेसहापूर्वी पोहोचावे आणि सीलचे क्रमांक टिपून घ्यावेत. तेथे यंत्र नाही, कागदी मतपत्रिकेवर स्वस्तिकाचा शिक्का मारतात. काही चुकताना दिसले, तरी निरीक्षकाने सूचना द्यायची नसते, फक्त वेळेसह नोंद करायची असते. बामणोलीहून लाँचने जाऊन कोयनेपलीकडच्या केंद्रांवर केंद्राध्यक्षाचे काम केलेल्यांना हे फार जड जाईल, तरीही ते कसोशीने पाळावे.

मतदान संपल्यावर पेट्या जिल्हा मुख्यालयी नेतात आणि मोजणी तेथेच होते. पेटीच्या मागोमाग जाण्यासाठीच तो पास लागतो. संस्था परतीचे तिकीट दुसऱ्याच दिवशीचे काढून देते. ते बदलून घ्यावे, कारण कागदी मतांची मोजणी एका दिवसात उरकत नाही आणि ती न पाहता अहवालावर सही करणे मला मान्य नाही.