फळ्यावरचा बाण

बोनेर बेट, कॅरिबियन समुद्र, रात्रीचे साडेनऊ

केस अजून खारट आहेत, पण आज लिहिल्याशिवाय झोप लागायची नाही.

बावीस वर्षं वर्गात फळ्यावर स्पंज या समुद्री प्राण्याचं चित्र काढलं. एक नळी, अंगभर भोकं, त्यांतून आत शिरणारे बारीक बाण आणि वरच्या तोंडातून बाहेर पडणारा एक मोठा बाण. ऑस्टियातून पाणी आत, ऑस्क्युलममधून बाहेर. एकदा एका मुलीनं विचारलं होतं, "बाई, पण पाणी ढकलतं कोण?" "कॉलर पेशी," म्हणाले आणि पुढच्या प्राणिसंघाकडे वळले. तिला थोडा वेळ द्यायला हवा होता.

इथं रस्त्याकडेच्या पिवळ्या दगडावर जागेचं नाव रंगवलेलं असतं, तिथूनच पाण्यात उतरायचं. प्रवाळाचा उतार किनाऱ्यालगतच सुरू होतो. 18 मीटर खोलीवर अप्लायसिना आर्चेरी हा नळ्यांचा स्पंज भेटला. एकाच बुडख्यातून निघालेल्या पाच नळ्या, सगळ्यांत लांब जवळजवळ माझ्या कमरेएवढी. आधी राखाडी वाटला. तेवढ्या खोलीवर लाल प्रकाश पोचतच नाही. गाइडनं टॉर्च मारला आणि नळ्या जांभळाच्या गराच्या रंगाच्या झाल्या!

तोंडाशी डोकावले. आतल्या भिंतीवर छिद्रांची दाटी, काठावर ब्रिटल स्टारचा, म्हणजे तारामाशाच्या बारीक हातांच्या भावंडाचा, एक केसाळ हात. या स्पंजात शूकिका, म्हणजे सांगाड्याच्या सुईसारख्या कडक काड्या, नसतात, नुसती स्पंजिन नावाच्या प्रथिनाच्या तंतूंची चिवट जाळी. वर्गात मी सरसकट सगळ्यांना शूकिका देऊन टाकायचे. आता तसं सांगणार नाही.

हात लावायचा नाही, हा इथल्या सागरी उद्यानाचा नियम. मी नुसती तरंगत राहिले. कुणाच्या तरी पायातल्या फिननं गाळ उडाला. कण सावकाश खाली बसत होते. नळीच्या तोंडावर आलेले मात्र बसेनात. तिथं पोचले की अलगद वर उचलले जात.

हाच तो बाण. हृदय नाही, स्नायू नाहीत, चेतातंतू नाहीत. लाखो कॉलर पेशी आपापली चाबकासारखी शेपटी, कशाभिका, हलवतात, आणि त्यावर दिवसाला स्वतःच्या आकारमानाच्या हजारो पट पाणी गाळून हा जीव जिवाणू टिपत जगतो. स्पंज वनस्पती की प्राणी हा वाद चालू असताना, 1825 साली एडिनबर्गच्या रॉबर्ट ग्रँटनं सूक्ष्मदर्शकाखाली असंच पाणी उसळताना पाहिलं होतं. त्याला काय वाटलं असेल ते आज थोडं कळलं.

टाकीतली हवा कमी झाली तशी गाइडनं वर चलायची खूण केली. आणखी दोन कण वर जाईपर्यंत मी थांबले, मग निघाले.