वायुदाबाचा आकडा आणि गळाला लागणारा मासा

गळ टाकून बसणाऱ्या माणसांमध्ये हवेच्या दाबाविषयी जितक्या ठामपणे बोलले जाते, तितके दुसऱ्या कशाविषयी क्वचितच बोलले जात असेल. दाब उतरू लागला की मासा आमिषाला तोंड लावतो आणि दाब चढून आकाश निरभ्र झाले की तोंड मिटून बसतो, हे मी पहिल्यापासून ऐकत आलो आणि बरीच वर्षे मानतही आलो. त्याच विश्वासापोटी मी एक बॅरोमीटर घेतला आणि दर खेपेला तारीख, वेळ, दाब आणि लागलेले मासे वहीत लिहू लागलो. त्या नोंदी पुन्हा पुन्हा वाचून माझे असे मत झाले आहे की दाबाचा आकडा उपयोगाचा आहे, परंतु मासा लागण्याचे कारण बहुतेक वेळा त्या आकड्यात नसून दाबाबरोबर बदलणाऱ्या वाऱ्यात, उजेडात आणि पाण्यातल्या प्राणवायूत असते.

आधी प्रमाण लक्षात घ्यावे. समुद्रसपाटीला हवेचा सरासरी दाब सुमारे १०१३ हेक्टोपास्कल (हवेचा दाब मोजण्याचे एकक) असतो आणि एखादी मोठी पावसाळी प्रणाली येऊन गेली, तर तो एक-दोन दिवसांत दहा-वीस हेक्टोपास्कलने हलतो. पाण्यात मात्र प्रत्येक १० मीटर खोलीला संपूर्ण वातावरणाएवढा दाब वाढतो, म्हणजेच एक हेक्टोपास्कल म्हणजे जेमतेम एक सेंटीमीटर पाणी. याचा अर्थ असा की वादळापूर्वी उतरलेला वीस हेक्टोपास्कल दाब मासा वीतभर खाली सरकून भरून काढू शकतो. अन्न शोधताना तो दिवसभरात कितीतरी वेळा याहून अधिक वरखाली होतो, आणि डोक्यावरून हातभर उंचीची लाट गेली तरी त्याच्या अंगावरचा दाब काही क्षणांत तेवढाच बदलतो.

दाबाच्या बाजूने सांगितले जाणारे मुख्य कारण म्हणजे माशाच्या पोटातला वाताशय, ज्यातल्या वायूच्या जोरावर मासा हव्या त्या खोलीवर स्थिर राहतो. कार्प आणि ट्राउट यांसारख्या माशांत हा वाताशय अन्ननलिकेला जोडलेला असल्याने ते तोंडावाटे वायू सोडू शकतात. पर्च, बास, तिलापिया यांच्यात ही वाट बंद असते आणि वायूचे प्रमाण रक्तावाटे सावकाश बदलावे लागते, म्हणून दाबाचा त्रास त्यांना अधिक होत असावा, असा तर्क केला जातो. तर्क चुकीचा नाही, पण त्याचे माप फार लहान आहे. १० मीटर खोलीवरचा पर्च ओढून वर आणला, तर त्याच्यावरचा दाब निम्मा होतो आणि वाताशय दुप्पट फुगू पाहतो. तो त्रास खरा आणि कधी कधी जीवघेणा असतो. वादळापूर्वीचा बदल मात्र पृष्ठभागाजवळच्या माशासाठीही जेमतेम दोन टक्क्यांचा असतो, आणि खोल पाण्यात त्याहूनही कमी.

माझा स्वतःचा गैरसमज वहीने उघडकीस आणला. दुपारच्या कितीतरी नोंदींपुढे मी ‘दाब उतरत आहे, पाऊस येणार’ असे लिहून ठेवले होते आणि पाऊस आला नव्हता. नंतर समजले की हवेच्या दाबाला स्वतःची रोजची भरती-ओहोटी असते : सकाळी दहा आणि रात्री दहाच्या सुमारास तो चढलेला असतो, पहाटे चार आणि दुपारी चारच्या सुमारास उतरलेला, आणि उष्ण कटिबंधात हा फरक दोन-तीन हेक्टोपास्कल सहज भरतो. त्यामुळे सकाळचा आकडा दुपारच्या आकड्याशी ताडून पाहण्यात अर्थ नाही. आजच्या चारचा कालच्या चारशी ताडावा. जागा बदलली तरी हीच काळजी घ्यावी लागते, कारण आठ-नऊ मीटर चढ चढल्यावरच मनगटावरच्या घड्याळातल्या दाबमापकाचा आकडा एका हेक्टोपास्कलने खाली येतो.

तरीही माशांना हा बदल कळतच नाही, असे मी म्हणणार नाही. २००१ च्या सप्टेंबरमध्ये गॅब्रिएल हे वादळ फ्लोरिडाला धडकण्यापूर्वी, टेरा सिया उपसागरातली ब्लॅकटिप जातीच्या शार्कची पिल्ले उथळ पाणी सोडून निघून गेली आणि वादळ ओसरल्यावर परत आली. त्यांच्या अंगावर ध्वनिखुणा, म्हणजे ध्वनिसंकेतांनी ठावठिकाणा कळवणारी छोटी उपकरणे, बसवलेल्या असल्यामुळे हे नेमके नोंदले गेले आणि संशोधकांनी त्याचा संबंध उतरत्या दाबाशी जोडला. विशेष म्हणजे शार्कला वाताशय नसतोच. मात्र दाब जाणवणे वेगळे आणि भूक लागणे वेगळे. ती पिल्ले खायला नव्हे, तर निघून जायला उद्युक्त झाली होती.

मग दाब उतरताना मासा खरोखरच अधिक लागतो, त्याचे काय? ते माझ्याही वहीत दिसते. एका दिवसाची नोंद मी सविस्तर लिहून ठेवली आहे. पाणी सकाळपासून आरशासारखे निवांत होते, ऊन तळापर्यंत उतरले होते आणि तंगुसाची, म्हणजे गळाच्या दोऱ्याची, सावलीसुद्धा वाळूवर दिसत होती. चार तासांत बूच एकदाही हलले नाही. दुपारनंतर ढगाची कड सूर्यावर आली, समोरून वारा सुटला आणि पाण्यावर बारीक सुरकुत्या धावू लागल्या. दहा मिनिटांच्या आत बूच आधी आडवे सरकले आणि मग एका झटक्यात खाली गेले. त्या दहा मिनिटांत दाबाचा काटा जागचा हलला नव्हता. पाण्यात शिरणारा उजेड मात्र कमी झाला होता, त्यामुळे आडोशाला बसलेला शिकारी मासा मोकळ्यावर यायला धजावला होता आणि वारा तरंगते खाद्य माझ्या काठाकडे लोटत होता. तेव्हापासून मी वारा ज्या काठावर येऊन आदळतो तो काठ निवडतो, मग तोंडावर वारा झेलत गळ टाकणे कितीही गैरसोयीचे असो.

प्राणवायूची बाजूही अशीच दुर्लक्षित राहते. २० अंश सेल्सिअसच्या गोड्या पाण्यात एका लिटरमध्ये सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, ३० अंशांना साधारण साडेसात. ढगाळ, उबदार, वारा पडलेल्या रात्रीनंतर लहान तळ्यात तो पहाटे अगदी खाली जातो. मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडझाप करताना दिसतात. अशा वेळी आमिष अगदी त्यांच्या तोंडापुढे धरले तरी ते खात नाहीत आणि त्यांना त्रास देऊही नये. वारा सुटून पाणी ढवळले गेले की तेच मासे काही वेळाने पुन्हा हिंडू लागतात.

दाब चढून आकाश धुतल्यासारखे झाल्यावर मासे लागत नाहीत, हेही खरे आहे, पण तेव्हा ऊन प्रखर असते, वारा पडलेला असतो आणि थंड हवेमागोमाग पाणीही निवलेले असते. अशा दिवशी मी खोल पाण्यात किंवा गवताच्या सावलीत, बारीक तंगुसावर लहान आमिष लावून ते फार सावकाश हलवतो, आणि पहाट व संध्याकाळ एवढीच वेळ धरतो.

वादळापूर्वीचा तो चांगला तास विजेचाही असतो. कार्बन तंतूंचा रॉड विजेचा वाहक आहे आणि मोकळ्या काठावर तो उभा धरणारा माणूसच सर्वांत उंच असतो. वर लिहिलेल्या त्या दुपारी दोन मासे लागल्यावर पहिला गडगडाट ऐकू आला. तिसरा मासा बूच ओढत असतानाच मी तंगूस कापला, रॉड आडवा ठेवून बंद गाडीत जाऊन बसलो आणि शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटे होईपर्यंत बाहेर आलो नाही.