भाव कुठल्या दिवसाचा?

आज नाशिकमधून घरूनच एस.वाय.च्या मुलांचा ऑनलाइन तास घेतला. विषय होता, माहिती शोधायची आणि तपासायची कशी. निफाडच्या एका मुलीने लासलगावच्या कांदा भावावर प्रकल्प घेतलाय, पण सगळा आधार एका व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्डचा! तिला अ‍ॅगमार्कनेट हे शेतमालाच्या भावांचं सरकारी संकेतस्थळ उघडायला लावलं. बाजार समिती, तारीख, किमान-कमाल भाव, सगळं समोर. मग शोधगंगा या संकेतस्थळावरचे पीएचडी प्रबंध, तेही मोफत. म्हटलं, आधी संदर्भसूची वाचा, पुढची वाट तिथूनच फुटते. (मोबाइलवर एवढ्या मोठ्या पीडीएफ वाचतात ही पोरं, खरंच कौतुक वाटतं.) तास संपला तरी ती थांबली. "मॅडम, फॉरवर्डमधला भाव नेमका कुठल्या दिवसाचा, ते कसं शोधायचं?" फार बरं वाटलं. उद्याचा तास यावरच.