बिनहाताचे रोबो

आमच्या घरी व्हिडिओ गेम आला तो २००१च्या उन्हाळ्यात. मामाने नागपूरहून आणला, बर्डीवरून. आमचं गाव आर्वी तालुक्यातलं. घरी चौदा इंची ब्लॅक अँड व्हाईट टीव्ही, चॅनल लावायला बारीक चाक फिरवायचं. मामाने वायर जोडली, चाक फिरवत फिरवत मुंग्यांतून चित्र बाहेर काढलं, आणि मी नि माझा धाकटा भाऊ जे खाली फरशीवर बसलो, ते आईने "काहून डोळे फोडून राहिले रे त्या डब्ब्यात?" म्हणत बटण बंद करेपर्यंत उठलोच नाही.

तो गेम म्हणजे निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या फॅमिकॉम नावाच्या मशीनची नक्कल होती, हे मला फार उशिरा कळलं. मूळ मशीन जपानमध्ये जुलै १९८३मध्ये आलं. नोव्हेंबर १९९०मध्ये निन्टेन्डोनेच त्याच्या पुढचा सुपर फॅमिकॉम काढला. आमच्या टीव्हीपुढे तो डबा येऊन बसला तोवर तिकडे सोनीचं त्याहून कितीतरी नवं मशीन, प्लेस्टेशन २, येऊन वर्ष उलटलं होतं. गंमत अशी की निन्टेन्डोने फॅमिकॉम बनवणं थांबवलं ते २००३मध्ये. म्हणजे आम्ही खेळत होतो तेव्हा तिकडे अस्सल मशीनही अजून तयार होत होतं.

मशीनसोबत एक कॅसेट आली होती. तिच्यावर ९९९९९९९ गेम असं छापलेलं, आणि आत तेच तेच वीस-पंचवीस गेम नावं बदलून. मारिओ, कॉन्ट्रा, बदकं मारायचा गेम. ते सगळ्यांनाच माहीत आहेत, त्यावर लिहीत नाही. मला लिहायचंय ते त्या वर्षीच्या तान्ह्या पोळ्यानंतर आणलेल्या कॅसेटबद्दल. आम्ही दोघांनी लाकडाचे बैल घेऊन सगळं गाव पालथं घातलं, बोजारा, म्हणजे घरोघरी मिळणारे पैसे, जमवला आणि बाबांसोबत आर्वीच्या बाजारात जाऊन एक पिवळी कॅसेट घेतली. वरचं चित्र भलत्याच गेमचं होतं. आत होती रोबोंची मारामारी. सगळं लिखाण जपानी.

आणि त्या रोबोंना हात नव्हते. म्हणजे पंजे होते, पावलं होती, डोकं होतं, धड होतं. पण पंजा आणि खांदा यांच्या मधे काहीच नाही. पाय नाहीत, नुसती पावलं जमिनीवर. मान नाही, डोकं हवेत. आम्हाला वाटलं कॅसेट खराब निघाली. भावाने फुंकर मारली. मी कंपासपेटीतलं खोडरबर घेऊन तिच्या पितळी पट्ट्या एकेक करून घासल्या, फडक्याने पुसल्या, परत लावली. हात आले नाहीत. भाऊ रडायला लागला, कारण बोजाऱ्याचे सगळे पैसे गेले होते. मामाला गावच्या एसटीडीवरून फोन केला तर तो म्हणाला, "अगं खेळून तर पाहा."

खेळून पाहिलं. दहा मिनिटांत हात नाहीत हे आम्ही विसरलो. ते रोबो इतके सरसर हलायचे! उडी मारताना पावलं आधी वर, मग धड, मग डोकं मागून येऊन बसायचं. ठोसा लागला की तुकडे विस्कटायचे आणि परत जागेवर. नावं वाचता येत नव्हती म्हणून आम्हीच ठेवली. पहिल्या गोलमटोल रोबोचं नाव आम्ही भोपळ्या ठेवलं. आमच्या टीव्हीवर तो करडा दिसायचा. खरा रंग गुलाबी आहे, हे मला तेरा-चौदा वर्षांनी, कॉम्प्युटरवर, समजलं.

त्या गेमचं नाव 'जॉय मेका फाइट'. निन्टेन्डोचा, मे १९९३चा, फक्त जपानमध्ये निघालेला. भोपळ्याचं खरं नाव सुकापोन. तो मुळात लढणारा नाहीच, लोकांना हसवण्यासाठी बनवलेला रोबो. दोन शास्त्रज्ञांनी मिळून आठ रोबो बनवले. त्यातला एक फिरला आणि सात पळवून घेऊन गेला. दुसऱ्याच्या हाती उरला हा एक विदूषक, म्हणून त्यालाच लढाईसाठी तयार केलं. ज्याला हरवाल तो रोबो तुमच्या बाजूने येतो. सगळे मिळून ३६. एवढ्या लहान मशीनवर ३६ लढवय्ये! त्यामागचं कारण आहे ते हात.

फॅमिकॉमची पडद्यावरची हलणारी चित्रं छोट्या चौकोनी तुकड्यांची बनतात, एकेक तुकडा आठ ठिपके रुंद. पडद्याच्या एका आडव्या ओळीत असे जास्तीत जास्त आठच तुकडे दिसू शकतात. नववा आला की दिसतच नाही, म्हणून जुन्या गेममध्ये गर्दी झाली की माणसं लुकलुकायची. आता दोन पैलवान समोरासमोर उभे करा. दोघांचे दंड, मांड्या, पसरलेले हात सगळं काढायचं तर आठ तुकडे तिथेच संपले. जॉय मेका फाइटवाल्यांनी दंड आणि मांड्या काढूनच टाकल्या. पंजा, पाऊल, डोकं, धड एवढंच ठेवलं आणि मधली जागा बघणाऱ्याच्या डोळ्यांवर सोपवली. शिवाय प्रत्येक हालचालीसाठी अख्खा रोबो नव्याने काढायची गरज उरली नाही, तेच तुकडे इकडून तिकडे सरकवायचे. म्हणून इतके रोबो मावले आणि म्हणून ते असे सरसर हलतात. मी खोडरबर घेऊन जो दोष घासत बसले होते, तीच त्या गेममधली सगळ्यात हुशारीची गोष्ट होती. हे वाचलं त्या दिवशी मी ग्रामपंचायतीच्या ऑफिसात कॉम्प्युटरसमोर एकटीच होते आणि मला भावाला तिथल्या तिथे फोन करावासा वाटला. केलाही.

हा गेम निन्टेन्डो आणि डेंट्सू ही जाहिरात कंपनी यांच्या गेम बनवायला शिकवणाऱ्या वर्गात विद्यार्थ्यांच्या हातून सुरू झाला. त्यातला कोइची हायाशिदा पुढे निन्टेन्डोत 'सुपर मारिओ ३डी लँड'चा दिग्दर्शक झाला. तरी १९९३मध्ये याच्याकडे कोण बघणार? 'स्ट्रीट फायटर २' सुपर फॅमिकॉमवर येऊन वर्ष झालं होतं. मारामारीचा गेम म्हटलं की सगळ्यांना तो हवा होता.

मशीनच्या शेवटच्या काळातल्या गेमना माझा भाऊ फरदडचा कापूस म्हणतो. ही उपमा मला पटत नाही, आणि मी त्याला हे तोंडावर सांगितलंय. वेचण्या संपल्यावर पराटी, म्हणजे कपाशीची झाडं, उपटायच्या ऐवजी पाणी देऊन शेतात राखली, की जो कापूस येतो तो फरदड. झाड थकलेलं असतं, बोंड बारीक, धागा आखूड, वरून बोंडअळी. बाबांनी दोन वर्षं फरदड घेतली आणि दोन्ही वर्षं पस्तावले. पण इथे झाड थकलेलं असलं तरी कसणाऱ्याचा हात दहा वर्षांत पक्का झालेला असतो. मशीनची कामाची मेमरी फक्त २ किलोबाइट, तिचा कोपरा न् कोपरा त्यांना ठाऊक. त्यात मालकांचं लक्ष नव्या मशीनकडे, म्हणून जुन्यावर कोणी काय करतोय ते विचारायला कोणी येत नाही. म्हणून इथला कापूस नेमका उलटा: शेवटची वेचणी सगळ्यात लांब धाग्याची.

अशा शेवटच्या काळातल्या गेमपैकी 'माइटी फायनल फाइट' माझ्या भावाचा लाडका. कॅपकॉम, १९९३. मोठ्या डोक्याचे बुटके हिरो, मारामारी करता करता त्यांचा अनुभव वाढतो आणि नवे डाव येतात. एकट्यानेच खेळायचा, त्यामुळे आमच्यात खरी मारामारी याच गेमवरून झाली.

'ॲडव्हेंचर आयलंड ४' हडसनचा. जून १९९४, फॅमिकॉमसाठी अधिकृतपणे निघालेला शेवटचा गेम. गवताचा घागरा नि टोपी घातलेला हिरो, सोबतीला डायनासोर. आधीच्या भागांत नुसतं उजवीकडे पळायचं, फळं खाल्ली नाहीत तर जीव संपायचा. यात तशी घाई नाही. पाहिजे तिकडे जा, वस्तू शोधा, मागे या, पूर्वी बंद वाटलेली वाट आता उघडेल. मी भूगोलाच्या वहीच्या मागच्या पानांवर त्याचा नकाशा काढला होता. कुठे पाणी, कुठे गुहा, कुठून परत यायचं. सोडलेला खेळ पुढे कसा न्यायचा ते जपानीत, आणि ते वाचता येत नसल्यामुळे प्रत्येक वेळी पहिल्यापासून सुरुवात. आणि आमच्याकडे लाईन कधी जाईल याचा नेम नव्हता. दुपारी उन्हाने गाव चिडीचूप झालेलं, कूलर घरघरतोय, आपण नकाशाच्या अर्ध्यात पोचलोय आणि पडदा मधोमध एक पांढरा ठिपका होऊन विझतो. शेवट मी कधीच बघितला नाही तेव्हा. २०१६मध्ये बघितला, एका रविवारी, जेवण न करता.

'गिमिक' मात्र लहानपणी आमच्या हाती लागलाच नाही. सनसॉफ्टचा, जानेवारी १९९२. जपानबाहेर निघाला तो फक्त स्कँडिनेव्हियात. एका मुलीला वाढदिवसाला नवं खेळणं म्हणून युमेतारो नावाचा छोटासा जीव मिळतो, जुनी खेळणी रुसतात आणि मुलीलाच पळवून नेतात. युमेतारोच्या डोक्यावर एक तारा तयार होतो, तो फेकायचा. तारा उतारावरून घरंगळतो, भिंतीवर आपटून परत येतो, आणि वेळ साधली तर त्याच्यावर उभं राहून पलीकडे जाता येतं. गोट्या खेळलेल्या माणसाला हा गेम हाताने कळतो. फार अवघड आहे. दडवलेले खजिने गोळा केल्याशिवाय खरा शेवट दिसत नाही. मासाशी कागेयामाचं संगीत तर असं की फॅमिकॉमचे स्वतःचे पाच आवाज कमी पडले, म्हणून सनसॉफ्टने कॅसेटच्या आतच वेगळी चिप बसवून आणखी तीन आवाज दिले. स्कँडिनेव्हियाच्या आवृत्तीत ते तीन आवाज नाहीत, कारण बाहेरच्या मशीनमध्ये कॅसेटमधून आवाज आत घ्यायची सोय तशी नव्हती. तो जपानी आवृत्तीतच ऐकावा.

२०२३मध्ये गिमिक नव्या मशीनवर पुन्हा निघाला, आणि त्याच वर्षी जॉय मेका फाइट निन्टेन्डोने आपल्या स्विच या नव्या मशीनच्या वर्गणीदारांसाठी जगभर खुला केला. तीस वर्षांनी. भोपळ्या जगाला माहीत झाला याचा मला इतका आनंद झाला की त्या रात्री मी पिवळी कॅसेट संदुकीतून काढून पुसून ठेवली.

एक गोष्ट मला कित्येक वर्षं टोचत होती. कॉम्प्युटरवर हे गेम लावले की सूर तेच, पण संगीत पळतंय असं वाटायचं. रोबोही घाईत. मला वाटायचं आपलं वय झालं, हात मंदावले. मग उलगडा झाला. जपानचं मशीन सेकंदाला ६० चित्रं दाखवतं. आपल्याकडचे टीव्ही ५० हर्ट्झचे, म्हणून इकडच्या नकला ५०वर चालायच्या. गेम आणि गाणं दोन्ही चित्रांच्या तालावर बांधलेलं, त्यामुळे आमच्या घरी सगळं एक षष्ठांश हळू चालत होतं. सुराची पट्टी मात्र जवळपास तीच, कारण मशीनच्या मेंदूचा वेग बहुतेक नकलांमध्ये मूळच्या जवळ ठेवलेला. रशियात अशीच 'डेंडी' नावाची नक्कल खूप चालली, म्हणून आता काही इम्युलेटरमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये, डेंडी नावाची वेगळी सेटिंगच मिळते.

गेल्या पोळ्याला भाऊ पुण्याहून येऊ शकला नाही. मी त्याला जॉय मेका फाइटचं गाणं रेकॉर्ड करून पाठवलं. त्याचं उत्तर आलं, "ताई, हे काहून पळून राहिलं?" मी डेंडी सेटिंग लावली, तोच तुकडा परत पाठवला. मेसेज आला नाही, फोन आला. मी हॅलो म्हणायच्या आत पलीकडून तो पुढची ओळ गुणगुणत होता, आणि जिथे आमची लाईन जायची तिथे थांबला.