चेकिंगचे पैसे घ्या, ‘बोर्ड गेला’ म्हणू नका

पाऊस लागला की रत्नागिरीपासून वेंगुर्ल्यापर्यंत पीसी दुरुस्तीच्या दुकानात येणाऱ्या कॅबिनेटची तक्रार एकच: पंखा फिरतो, दिवा लागतो, स्क्रीन काळी. ‘बोर्ड गेलाय’, म्हणजे मदरबोर्ड, हे उत्तर तयारच असतं. पण खाऱ्या वाऱ्यातलं मीठ धुळीबरोबर रॅमच्या पट्टीवर आणि स्लॉटमध्ये बसलेलं असतं. उन्हाळ्यात ते कोरडं, त्यामुळे मशीन चालतं. हवा दमट झाली की मीठ पाणी ओढतं आणि टोकांवर चिकटा धरतो. दोन-तीनदा बटण दाबल्यावर सुरू होणारा पीसी बहुतेक वेळा हेच सांगत असतो.

म्हणून आधी प्लग काढून पॉवर बटण 10 सेकंद दाबून धरा, मग रॅम काढा. पांढरा मऊ खोडरबर सोनेरी टोकांवर हलक्या हाताने, एकाच दिशेने फिरवा. पॉलिश पेपर नको. सोन्याचा मुलामा फार पातळ असतो, तो खरवडला की खालचा धातू उघडा पडतो आणि पुढच्या पावसाळ्यात तिथेच हिरवट गंज येतो. रबराचा चुरा झटका, 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने टोकं पुसा, स्लॉट मऊ ब्रशने साफ करा, सुकू द्या. मग एकच रॅम घेऊन प्रत्येक स्लॉटमध्ये लावून बघा. बोर्डावरचा सीआर2032 सेल मल्टिमीटरवर 3 व्होल्टच्या आसपास हवा, 2.7 च्या खाली गेला असेल तर बदला. एसएमपीएसची, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याची, 12 व्होल्टची वायर 11.4 ते 12.6 मध्ये हवी, पण नुसतं मोजून भागत नाही. लोड नसताना बरोबर आकडा दाखवणारा एसएमपीएस लोड आल्यावर बसतो. चालू स्थितीतला दुसरा लावून बघणं हीच खरी परीक्षा. इतकं झाल्यावरच बोर्डाचं नाव घ्यावं.

यात वीस-पंचवीस मिनिटं जातात, आणि गोची इथेच आहे. ‘नुसतं रबर मारलंत, त्याचे कसले पैसे?’ असं गिऱ्हाईक म्हणतं. मग दुकानदार नसलेला बिघाड दाखवून पार्ट विकतो, कारण पार्टचे पैसे कोणी नाकारत नाही. या धंद्यातला निम्मा खोटेपणा लोभातून नव्हे, या संकोचातून येतो असं माझं मत आहे. उपाय साधा: चेकिंग चार्ज भिंतीवर लिहा, मशीन हातात घेण्याआधी तोंडी सांगा, आणि पार्ट लागो न लागो, तो घ्या.

आकाशातल्या विजेचंही तसंच. मे महिन्यातल्या वळवात किंवा ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात राउटरकडून आलेल्या तांब्याच्या लॅन केबलमधून झटका येतो आणि पुष्कळदा फक्त लॅन पोर्ट मरतो. बाकी बोर्ड ठणठणीत असेल तर काही शे रुपयांचं लॅन कार्ड किंवा यूएसबी अडॅप्टर पुरतो. अर्थात ‘हे आज चालतंय, पण बोर्डाला झटका बसलेला आहे’ हेही सांगायला हवं. सोबत त्या घरातलं अर्थिंग तपासायला सांगा. जांभ्यात अर्थिंग आधीच कमजोर, आणि एप्रिल-मेमध्ये खड्डा कोरडा पडला की आणखी.

जॉब शीटवर ‘लॅपटॉप 1, चार्जर 1’ एवढंच लिहू नये. रॅम, एसएसडी, हार्ड डिस्क यांचे सीरियल नंबर गिऱ्हाइकासमोर लिहा, सही घ्या. बदललेला जुना पार्ट मागितला नाही तरी परत द्या. वापरलेली डिस्क देणार असाल तर बिलावर ‘वापरलेली’ लिहा.

फॉरमॅट मारण्याआधी मात्र सगळ्यात जास्त वेळ द्यावा. ‘डी ड्राइव्हला हात लावत नाही’ एवढ्याने भागत नाही. डेस्कटॉप, डाउनलोड्स आणि कित्येकदा आंब्याच्या हिशेबाची टॅलीसुद्धा सी ड्राइव्हवरच असते. छापखान्याच्या मशीनवर आणखी एक खोच आहे. पेजमेकर या पानं जुळवायच्या सॉफ्टवेअरमधली जुनी कामं युनिकोडपूर्व मराठी फॉन्टांत असतात आणि ते फॉन्ट विंडोजच्या फोल्डरात. फाइली वाचल्या, फॉन्ट गेले, तर लग्नपत्रिकेच्या जागी नुसती रोमन अक्षरं आणि चिन्हं उमटतात. फॉन्ट फोल्डर आधी कॉपी करा. डिस्क टकटक करत असेल तर पुन्हा पुन्हा चालू करू नका. ते काम डेटा रिकव्हरीवाल्याचं, तसं स्पष्ट सांगा. आवाज नाही, पण स्मार्टमध्ये, म्हणजे डिस्कच्या स्वतःच्या तब्येतीच्या नोंदीत, पेंडिंग सेक्टर (नीट वाचता न येणारे भाग) दिसतायत, तर आधी क्लोन, म्हणजे दुसऱ्या डिस्कवर हुबेहूब नक्कल, मग बाकीचं. नव्या लॅपटॉपला बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कवरचं कुलूप, असेल तर बायोस किंवा बोर्डाला हात लावण्यापूर्वी 48 अंकी रिकव्हरी की मिळते का ते विचारा.

आवाज आणि स्क्रीन तपासायला स्वतःचा पेनड्राइव्ह ठेवा. गिऱ्हाइकाच्या फोटोंचं फोल्डर उघडायचं काही कारण नाही. परवानगीशिवाय डेटा कॉपी करणं माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 च्या कलम 43 मध्ये येतं, आणि बदहेतूने केलं तर कलम 66 खाली 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पासवर्ड कागदावर घेऊ नका. शक्यतो त्यांनाच टाकू द्या, नाहीतर वेगळं खातं उघडून घ्या.

गणपतीला चाकरमानी येतात तेव्हा बंद घरातला पीसी चार महिन्यांनी सुरू होतो. फोनवर विचारलं तर एवढंच सांगा: आधी प्लग लावू नका. कॅबिनेट उघडून कोरड्या हवेत पंख्याखाली एक दिवस ठेवा, एसएमपीएसच्या जाळीतून टॉर्च मारून मुंग्या किंवा मेलेली पाल दिसते का बघा. दिसली तर एसएमपीएसचे स्क्रू न खोलता घेऊन या. आतला मोठा कपॅसिटर प्लग काढल्यावरही झटका देऊ शकतो.